एका शब्दाची कुळकथा : 'सेल्युलोज'

'ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये' अशी आपल्याकडे म्हण आहे. शोधाअंतीं कांहीं तरी गौण निघून भाविकाची निराशा व्हावयाची, हा तिच्या मागचा धोरणी विचार. शब्दांच्या बाबतींत मात्र ही म्हण आम्हांस कधींच पटली नाहीं. शब्दाचें कूळ शोधीत गेलें म्हणजे तो वाटला होता त्याहून मोठ्या घरचा निघतो असा बहुधा अनुभव येतो. आणि क्वचित् असेंही आढळतें कीं, ज्या अर्थानें आपण तो रोज वापरतों तो अर्थ त्याच्याकडे दत्तक आलेला आहे. 'सेल्युलोज' हा शब्द या दुसऱ्या प्रकारांत मोडतो.

वस्तु म्हणून पाहिलें तर सेल्युलोजाइतकी परिचित वस्तु दुसरी नसेल. ज्या कागदावर मासिकें छापतात तो कागद बहुतांशीं सेल्युलोजाचा. अंगावरचें सुती वस्त्र जवळजवळ सर्वस्वीं त्याचेंच. दाराचें लांकूड, पालेभाजीच्या शिरा, उसाचें चिपाड, नारळाचा काथ्या या सर्वांत तें कमीअधिक प्रमाणांत भरलेलें आहे. पण वस्तु घरोघरची असून तिचें नांव मात्र परकें व अपरिचित राहिलें. त्या नांवाचीच ही हकीकत आहे.

आमचा विषय भाषा, रसायनशास्त्र नव्हे. तथापि महाविद्यालयांत इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्ति समजावून देतांना आम्ही बरीच वर्षें या शब्दाचा दाखला देत आलों. 'सेल' म्हणजे पेशी आणि 'ओज' हा शर्करावाचक प्रत्यय. अर्थात् सेल्युलोज म्हणजे पेशींची साखर, असें आम्ही ठासून सांगत असूं. एके दिवशीं शास्त्रशाखेंतून आलेल्या एका विद्यार्थ्यानें तास संपल्यावर आम्हांस गांठलें व विचारलें, "सर, सेल म्हणजे पेशी असेल, तर आपल्या शरीरांत इतक्या पेशी असूनही सेल्युलोज कणभरसुद्धां कां नाहीं? आणि ती साखर असेल, तर कापूस गोड कां लागत नाहीं?" दुसऱ्या प्रश्नाला आम्ही हंसलों, पहिल्याला हंसतां आलें नाहीं. 'उद्यां सांगतों' म्हणून त्या दिवशीं वेळ मारून नेली. तो 'उद्यां' उजाडावयास पुष्कळ दिवस लागले. कारण शोध करूं लागल्यावर आम्ही शिकवीत आलों त्यांतील निम्मी गोष्ट चुकीची होती असें दिसून आलें.

आरंभ लॅटिनपासून केला पाहिजे. त्या भाषेंत 'सेल्ला' म्हणजे लहान खोली किंवा कोठार. रोमन शेतकऱ्याच्या वाड्यांत द्राक्षासव ठेवण्याची एक सेल्ला असे, तेलाची दुसरी व धान्यधुन्याची तिसरी. दासांच्या निजण्याच्या खोलीस हाच शब्द, मधमाशांच्या पोळ्यांतील घरांस हाच, आणि देवळांतील मूर्तीच्या गाभाऱ्यासही हाच. पुढें ख्रिस्ती मठांतील साधूंच्या एकांत खोल्यांस तो लागला, आणि तेथून तुरुंगाच्या कोठडीस. तळघराला इंग्रजींत 'सेलर' म्हणतात तो याच घराण्यांतला. या शब्दाचें मूळ 'झांकणें, लपविणें' या अर्थाच्या एका प्राचीन आर्य धातूंत आहे असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. इंग्रजींतील 'कन्सील', 'हॉल' आणि 'हेल' म्हणजे नरक, हे सर्व त्याच धातूचे वंशज होत. पुष्कळ विद्वानांनीं आपला संस्कृत 'शाला' शब्दही याच पंक्तीस बसविला आहे. हें मत ग्राह्य धरलें, तर आपली मुलें ज्या शाळेंत जातात ती शाळा, गांवची धर्मशाळा, नाणीं पाडण्याची टांकसाळ आणि रसायनशाळेंतील सेल्युलोज हीं सर्व एकाच आजीचीं नातवंडें ठरतात!

'सेल्ला' याचें लघुत्वदर्शक रूप 'सेल्लुला', म्हणजे खोलकी. या खोलकीचा सृष्टिशास्त्रांत प्रवेश झाला तो एका बुचामुळें. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६६५ सालीं 'मायक्रोग्राफिआ' नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. वस्तऱ्यासारखी धार दिलेल्या चाकूनें बुचाचा एक पातळ काप काढून त्यानें तो सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवला, तेव्हां मधाच्या पोळ्याप्रमाणें दिसणारीं असंख्य लहान घरें त्याच्या दृष्टीस पडलीं. एका इंच लांबींत अशीं सुमारें १,०८० घरें बसतात असें मोजून, एका घन इंचांत तीं १,२५,९७,१२,००० होतील असा हिशेबही त्यानें मांडून दाखविला. या घरांना त्यानें 'सेल' म्हटलें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. बूच म्हणजे झाडाची मेलेली साल; तिच्या खोल्यांतील जीव केव्हांच निघून गेलेला असतो. हूकला बुचांत जें दिसलें तें म्हणजे चार भिंती आणि मधली पोकळी. 'सेल' या शब्दाचा शास्त्रांतील पहिला अर्थ हा असा भिंतींचा अर्थ होता.

आतां पॅरिसकडे वळूं. आन्सेल्म पायां (१७९५–१८७१) हा फ्रेंच रसायनज्ञ केवळ पुस्तकी पंडित नव्हता. वडिलांच्या कारखान्यांत टांकणखार तयार करण्याची स्वस्त रीत काढून त्या व्यापारांतील डच लोकांची मक्तेदारी त्यानें मोडली, व हाडांच्या कोळशानें बीटच्या साखरेचा रंग काढण्याच्या कामींही मोठी कामगिरी केली. १८३३ सालीं पेर्सो या सहकाऱ्याबरोबर त्यानें मोड आलेल्या जवांतून पिठाची साखर करणारें एक द्रव्य वेगळें काढलें व त्यास 'डायास्टेज' म्हणजे 'पृथक् करणारें' असें नांव दिलें. पिठाकडून तो वनस्पतींच्या तंतूंकडे वळला.

त्या काळीं लांकूड हा एकच एकजिनसी पदार्थ आहे अशी समजूत होती. गे-ल्युसाक व थेनार या नामांकित रसायनज्ञांनीं ओक आणि बीच या वृक्षांच्या लांकडाचें पृथक्करण करून त्यांत कर्बाचें प्रमाण निम्म्याहून किंचित् अधिक असल्याचें दाखविलें होतें. उलटपक्षीं बुरशीचा तंतु निराळा, भेंडाचा निराळा, लांकडाचा निराळा, अशी समजूत धरून प्रत्येकास वेगळें नांव देण्याचीही प्रथा होती. पायांनें हीं दोन्ही मतें खोडून काढलीं. लांकडावर नत्राम्लाची व मग क्षारांची प्रक्रिया केली असतां त्यांतील कांहीं भाग विरघळून जातो व मागें पांढरा तंतुमय पदार्थ उरतो, असें त्यास आढळलें. हा उरलेला पदार्थ कोणत्याही झाडाचा घेतला तरी सारखाच. कापसांतला आणि कोंवळ्या अंकुरांतला पदार्थही तोच. त्यांत शेंकडा सुमारें ४४ भाग कर्ब, ६ भाग हायड्रोजन व बाकीचा ऑक्सिजन. म्हणजे घटक अगदीं पिठांतल्यासारखे, गुणधर्म मात्र सर्वस्वीं निराळे. जो भाग विरघळून गेला तो या तंतूंवर बसलेला कठीण लेप होय, असें त्यानें ठरविलें. लॅटिन 'लिग्नुम' म्हणजे लांकूड यावरून पडलेलें 'लिग्निन' हें नांव पुढें या लेपास रूढ झालें. पायांनें आपला निबंध १८३८ सालीं पॅरिसच्या विज्ञान-अकादमीपुढें ठेवला. अकादमीनें तो तपासण्यासाठीं ब्रोंन्यार, पेलूझ व ड्युमा या तिघांस नेमलें, आणि त्यांच्या १८३९ च्या अहवालांत 'सेल्युलोज' हें नांव जगापुढें आलें.

हा शब्द बनला कसा? येथेंच आमची चूक होती. 'ग्लूकोज', 'फ्रुक्टोज', 'माल्टोज' या मालिकेंत 'सेल्युलोज' बसवून आम्ही त्याच्या शेवटास शर्करावाचक प्रत्यय म्हणत होतों. परंतु ही मालिका त्या वेळीं जन्मलीच नव्हती. तींतील 'ग्लूकोज' हा एकच शब्द तेव्हां होता, आणि तोही अवघा सहा महिन्यांचा. १८३८ च्या जुलैमध्यें याच अकादमीच्या दुसऱ्या एका समितीनें द्राक्षांतील, मधांतील व पिठापासून होणारी साखर एकच आहे असें मान्य करून तिला हें नांव दिलें होतें. ग्रीक 'ग्लेउकोस' म्हणजे द्राक्षांचा ताजा गोड रस. त्यांतील शेवटचा 'ओस' हा प्रत्यय नव्हेच. तो मूळ शब्दाच्याच अंगाचा भाग. 'रामायण' शब्दांतील 'यण' तोडून घेऊन त्यास ग्रंथवाचक प्रत्यय म्हणावें, तसा हा प्रकार झाला. पण भाषेंत अशा चुकाही रुळतात, आणि रुळल्या म्हणजे त्यांना नियमाची प्रतिष्ठा येते. पुढें साखरांच्या नांवांना 'ओज' लावण्याचा प्रघात पडला तो असा.

उलट बाजूस लॅटिनमध्यें 'ओसुस' असा एक खरा प्रत्यय आहे. त्याचा अर्थ 'नें भरलेला', आपल्या 'मय' सारखा. अठराव्या शतकांतील शरीरशास्त्रज्ञ आपल्या लॅटिन ग्रंथांत जाळीदार पोकळ ऊतीस 'टेला सेल्लुलोसा', म्हणजे 'खोलक्यांनीं भरलेलें विणकाम', असें म्हणत, आणि इंग्रजींतही 'सेल्युलोज' हें विशेषण त्या अर्थानें त्याच शतकांत येऊन गेलें होतें. तेव्हां १८३९ सालीं शब्द अगदीं नवा पाडला गेला असें नाहीं. जुन्या विशेषणाचें नाम झालें, असें म्हणण्यास मोठी जागा आहे. ड्युमा हा गृहस्थ ग्लूकोजाच्या समितींतही होता आणि सेल्युलोजाच्या समितींतही होता. म्हणून नव्या नांवाचा नाद त्याच्या कानांत घुमत असावा, हेंही संभवतें. आमच्या मतें दोन्ही प्रवाह येथें मिळाले आहेत: शरीर लॅटिन विशेषणाचें, आणि पुढचें सोयरपण साखरेच्या कुळाशीं. योगायोग असा कीं, पायांच्या 'डायास्टेज' शब्दाचेंही तसेंच झालें. त्याचें शेंपूट तोडून घेऊन सर्व पाचक द्रव्यांच्या नांवांस 'एज' लावण्याची रीत १८९८ मध्यें द्यूक्लो यानें सुचविली. आज सेल्युलोज फोडणाऱ्या द्रव्यास 'सेल्युलेज' म्हणतात.

कापूस गोड कां नाहीं, या प्रश्नाचें उत्तर मात्र रसायनशास्त्राजवळ तयार होतें. १८१९ सालींच ब्राकोनो नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें तागी चिंध्यांवर गंधकाम्लाची क्रिया करून त्यांची साखर केली होती. सेल्युलोज ही ग्लूकोजाच्या हजारों कड्यांची सांखळी आहे. पीठही ग्लूकोजाचेंच बनलेलें. फरक आहे तो कडीला कडी जोडण्याच्या तऱ्हेंत. पिठाचा सांधा आपली लाळ सोडवूं शकते, सेल्युलोजाचा सोडवूं शकत नाहीं. गाईच्या पोटांतील सूक्ष्म जंतु तो सोडवितात. म्हणूनच कडब्याचें दूध होतें. तेव्हां 'साखर' हा आमचा शब्द वस्तुदृष्ट्या सर्वस्वीं खोटा नव्हता. खोटी होती ती व्युत्पत्ति.

राहिला पहिला प्रश्न, आणि खरें मर्म त्यांतच आहे. १८३८ व १८३९ हीं दोन वर्षें पुनः डोळ्यांपुढें आणावीं. पॅरिसमध्यें भिंतीच्या द्रव्यास 'सेल'चें नांव मिळत होतें त्याच वेळीं जर्मनींत श्लायडेन यानें १८३८ मध्यें सर्व वनस्पति व श्वान यानें १८३९ मध्यें सर्व प्राणी पेशींचेच बनलेले आहेत, हा सिद्धांत मांडला. प्राण्यांच्या पेशींना वनस्पतींसारखी भिंत नसते. त्यामुळें 'सेल' शब्दाचें लक्ष हळूहळू भिंतींवरून निघून आंत राहणाऱ्या जिवंत द्रव्याकडे गेलें; आणि १८६१ मध्यें माक्स शुल्ट्से यानें पेशी म्हणजे केंद्रक असलेला जीवद्रव्याचा गोळा, भिंत असो वा नसो, अशी व्याख्याच केली. घर सोडून नांव भाडेकऱ्याकडे गेलें! हूकच्या मूळ अर्थाशीं इमानी राहिलें तें एकटें सेल्युलोज. कारण बुचाच्या कापांत हूकनें ज्या भिंती पाहिल्या त्यांचा सांगाडा त्याचाच होता. आपल्या शरीरांत पेशी आहेत, सेल्युलोज नाहीं, याचें कारण हें कीं एकाच शब्दाच्या या दोन लेकरांनीं त्याच वर्षीं वेगळ्या वाटा धरल्या. अपवाद सांगावयाचा तर समुद्रांतील कंचुकधारी प्राण्यांच्या आवरणांत सेल्युलोज आहे असें १८४५ मध्यें कार्ल श्मिट यानें दाखविलें. पण तेथेंही तें आवरणांतच आहे, हें विसरूं नये.

हा शब्द युरोपच्या इतर भाषांत शिरला तेव्हां प्रत्येक भाषेनें त्याचें स्वागत आपापल्या स्वभावाप्रमाणें केलें. लॅटिनच्या लेकींस कष्ट पडले नाहींत: इटालियनमध्यें तो 'चेल्लुलोझा' झाला, स्पॅनिशमध्यें 'सेलुलोसा'. जर्मनांनीं मूळ शब्द तर घेतलाच, शिवाय 'त्सेलश्टोफ', म्हणजे पेशी-द्रव्य, असा स्वभाषेचा शब्दही घडविला. पुढें या दोहोंत कामाची वांटणी झाली: पहिला रसायनज्ञांचा व दुसरा कागद-गिरण्यांतील लगद्याचा. पहिल्या महायुद्धांत कापसाची आयात तुटल्यावर जर्मनांनीं स्फोटक द्रव्यें लांकडाच्या सेल्युलोजापासून केलीं, तेव्हां हा शब्द कारखान्यांतून रणांगणावर गेला. रशियनांचा 'क्लेत्चात्का' हा शब्द 'क्लेत्का' म्हणजे पिंजरा किंवा पेशी यावरून निघाला असून त्याच्या मुळाशीं 'क्लेत्' म्हणजे कोठार आहे. रोमन शेतकऱ्याचें कोठार आणि रशियन शेतकऱ्याचें कोठार येथें अशीं समोरासमोर आलीं! ग्रीकांनीं आपल्या प्राचीन भाषेंतील पोळ्याच्या घराचा शब्द काढून त्यावरून 'कितारीनी' असें नांव केलें. म्हणजे हूकची उपमाच त्यांनीं नकळत जिवंत ठेवली. पोलिश भाषेंतील 'ब्वोन्निक' आम्हांस सर्वांत मार्मिक वाटतो. तो 'ब्वोना' म्हणजे पातळ पडदा यावरून आला आहे. इतरांनीं खोलीचें नांव घेतलें, पोलिशांनीं आवरणाचें घेतलें, आणि वस्तूच्या अधिक जवळ तेच गेले. फिनिश लोकांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्याकडे पेशीला 'सोलू' म्हणतात व सेल्युलोजाला 'सेल्लुलोसा'. त्यामुळें या दोन शब्दांचें नातें सामान्य फिनिश वाचकाच्या ध्यानांतही यावयाचें नाहीं. गिरणीकामगारांनीं तर त्याचें 'सेल्लू' एवढेंच ठेवलें आहे.

शब्दाची पुढची संततीही थोडी नाहीं. १८४६ मध्यें शोनबाइन यानें नत्राम्ल व गंधकाम्ल यांच्या योगानें कापसाची स्फोटक रुई केली. तसल्याच नत्रयुक्त सेल्युलोजांत कापूर मिसळून अमेरिकेंतील हायट बंधूंनीं जो पदार्थ केला, त्यास १८७२ च्या सुमारास 'सेल्युलॉइड' म्हणजे 'सेल्युलोजासारखें' असें नांव पडलें. १८९२ मध्यें इंग्लंडांत 'व्हिस्कोज' निघालें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं ब्रांडेनबेर्गेर या स्विस गृहस्थानें पारदर्शक पत्रा करून 'सेल्युलोज' व 'डायफेन' म्हणजे पारदर्शक या दोन शब्दांच्या जोडीनें 'सेलोफेन' हें नांव दिलें. यांतील सेल्युलॉइडचा योग विलक्षण आहे. ज्या अकादमीनें १८३९ सालीं सेल्युलोजाचें बारसें केलें, तिच्याच पुढें त्याच वर्षीं ७ जानेवारीस आरागो यानें दागेरच्या छायाचित्रकलेची वार्ता जाहीर केली होती. एकाच घरांत एकाच वर्षीं पाळण्यांत घातलेल्या या दोन बालकांचें लग्न पन्नास वर्षांनीं सेल्युलॉइडच्या फितीवर लागलें, आणि त्यांतून चलच्चित्र जन्मास आलें. १९१३ मध्यें दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तोही नत्रयुक्त सेल्युलोजाच्या फितीवरूनच.

शेवटीं आपल्या घरचा विचार. मराठींत सेलला 'पेशी' म्हणतात. संस्कृतांत पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आणि तलवारीचें म्यानही. शुल्ट्सेच्या व्याख्येशीं पहिला अर्थ चांगला जुळतो; हूकच्या खोलीचा मात्र त्यांत मागमूस नाहीं. म्हणून 'सेल्युलोज'चें शब्दशः भाषांतर करूं गेलें, तर फिनिश वाचकाप्रमाणें मराठी वाचकासही नातें दिसावयाचें नाहीं, आणि दिसलें तर तें खोटें दिसेल. आमच्या विद्यार्थ्याची फसगत झाली ती याच वाटेनें. संस्कृत 'तूल' म्हणजे कापूस, त्यावरून 'तूलीर' असा शब्दही मराठींत योजलेला आढळतो. व्यवहारांत तो मागें पडला असला, तरी तो योजणाऱ्याची दृष्टि आम्हांस योग्य वाटते. त्यानें नांवाचें भाषांतर केलें नाहीं. वस्तु पाहिली, आणि ती जेथें सर्वांत शुद्ध सांपडते तेथून नांव उचललें. परिभाषा करणाऱ्यानें आधीं शब्दाचें कूळ पाहावें, आणि तें आपल्या वाचकास उपयोगी नसेल तर खुशाल नवें नांव ठेवावें. अर्धवट कुळावर नवें नातें मात्र जोडूं नये, एवढाच बोध आम्ही या कथेंतून घेतला.

बऱ्याच दिवसांनीं हें सर्व आम्हीं त्या विद्यार्थ्यास ऐकविलें, व वर्गांतही आपली चूक सांगून टाकली. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग सर, परीक्षेंत अर्थ काय लिहूं?" आम्ही म्हणालों, "साखर लिहूं नकोस, पेशीही लिहूं नकोस. खोलीची भिंत, असें लिही. आणि गुण कमी मिळाले, तर आमचें नांव सांग."